सूर्यशक्ती आणि घरचा इन्व्हर्टर

जयपुरास सवाई जयसिंहाने उभारलेल्या जंतरमंतर वेधशाळेतील सम्राट यंत्राचा, म्हणजे तेथील सूर्यघड्याळाचा, उतार २७ अंशांचा, म्हणजे त्या नगरीच्या अक्षांशाइतका आहे. आणि आज तेथील गच्च्यांवर दक्षिणाभिमुख बसविल्या जाणाऱ्या सौर पॅनेलांनाही साधारणतः तोच कल मानवतो. परंतु पॅनेलातून निघणारी वीज दिष्ट, आणि घरच्या पंख्यास हवी ती प्रत्यावर्ती, २३० व्होल्टची. हे रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरची निवड म्हणूनच विचारपूर्वक करावी लागते.

पहिला प्रकार स्ट्रिंग इन्व्हर्टरचा. यात सारी पॅनेले साखळीने जोडून त्यांची वीज भिंतीवरील एकाच यंत्रात आणतात. खर्च बेताचा, दुरुस्ती हाताशी. मात्र पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी तिची झळ संपूर्ण साखळीच्या उत्पादनास पोहोचू शकते. दुसरा मायक्रो-इन्व्हर्टर प्रत्येक पॅनेलच्या पाठीशी स्वतंत्र बसतो, त्यामुळे एकाचे नुकसान दुसऱ्याच्या माथी येत नाही. परंतु किंमत अधिक, आणि चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या गच्चीवर त्यास वर्षानुवर्षे तग धरावा लागतो. तिसरा हायब्रिड, बॅटरीत वीज साठविणारा; बाहेरची वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे, तर हाच हवा. कारण केवळ ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर, तारांवर काम करणाऱ्याच्या जिवास अपाय होऊ नये म्हणून, बाहेरची वीज जाताच आपोआप बंद होतो, मग माथ्यावर ऊन कितीही असो.

तेव्हा कंत्राटदाराशी करारमदार करण्यापूर्वी गच्चीवरील सावल्यांची नोंद ठेवावी, आणि तीही विशेषेकरून हिवाळ्यात, जेव्हा सूर्य खाली असून सावल्या लांबतात.