शिकाऊ उमेदवार आणि कारखानदारांची सामाईक जबाबदारी



कसबी कारागीर मिळत नाहीत, अशी आपल्या वऱ्हाडातील कारखानदारांची तक्रार असते. आणि काम मिळत नाही, अशी मुलांची. या दोन्ही तक्रारी एकाच गावात खऱ्या ठराव्यात, हे खचित विचार करण्याजोगे आहे.

त्याचे एक कारण आपल्या धंद्यांच्या स्वरूपातच आहे. जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात यंत्रे थंडावतात. जिनात राहिलेला मुलगा रोलर बसविण्यास व गाठी बांधण्याचा प्रेस सांभाळण्यास शिकेल. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये मोटार, पट्टे व चाळण्या त्याच्या हाती येतील. लेथवर सुटा भाग कातणे मात्र त्याने वर्कशॉपमध्येच शिकावे लागेल. एकेका मालकापाशी विद्येचा एकेक तुकडा आहे. शिवाय, आपण शिकवावे आणि तयार झालेला कारागीर शेजाऱ्याने न्यावा, हे भय त्याला असते. ते निराधार नाही. परंतु त्यापायी कोणीच शिकवीत नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली जी दुरुस्ती झाली, तिने बदललेल्या आठव्या कलमान्वये अनेक मालकांना स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत एकत्र येऊन उमेदवार शिकविता येतात. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या कारखान्यावर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. चार माणसांच्या कारखान्यासही ते स्वेच्छेने घेता येतात. जर्मनीनेही २००५ साली अशा संयुक्त शिक्षणास आपल्या कायद्यात स्पष्ट स्थान दिले.

तेव्हा एखादे जिन, एखादी डाळ मिल आणि एखादे वर्कशॉप यांनी मिळून चार मुले घ्यावीत. हंगामात ती जिनात राबतील, पुढे मिलमध्ये जातील, उन्हाळ्यात लेथवर बसतील. विद्यावेतनाचा भार वाटला जाईल. कारागीर शेजाऱ्याकडे गेला, तरी त्याच्या शिक्षणाचा खर्च शेजाऱ्यानेही सोसलेला असेल.

मात्र ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण विसरून चालणार नाही. खर्च वाटता येतो. उत्तरदायित्व मोघम ठेवता येत नाही. मुलाचा हात यंत्रात सापडला, तर इस्पितळात कोण नेणार आणि भरपाई कोण देणार? त्याची शिकण्याची नोंद कोण ठेवणार? झाडलोटीतच त्याचे वर्ष गेले, तर जाब कोणास विचारावयाचा? ही नावे मुलगा कामावर येण्यापूर्वी करारात लिहिलेली असावीत, आणि तो करार आईबापांना मराठीत वाचून दाखवावा.

आपणांपैकी जे कारखानदार असतील, त्यांनी या हंगामापूर्वी शेजारच्या मालकाशी एवढे बोलणे करावे. जे पालक असतील, त्यांनी सही करण्यापूर्वी हे प्रश्न निःसंकोच विचारावेत.