जुन्या बाजारातील गोधड्या

(बोर्डी येथे ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात मी कोणत्या विषयावर बोलणार, असे आपल्या चिटणीसांनी मला विचारले, तेव्हा मी "गोधडीवर" असे उत्तर दिले. ते किंचित थबकले आणि म्हणाले, "मग कार्यक्रमपत्रिकेत 'स्त्रियांचे गृहोद्योग' असे छापू का?" त्यात त्यांचा दोष नाही. गोधडी ही व्यासपीठावर आणण्याजोगी वस्तू आहे, असे आपल्यापैकी कोणासच आजवर वाटलेले नाही. घरी पाहुणे आले म्हणजे सोलापुरी चादरी बाहेर निघत आणि गोधड्या आतल्या खोलीत जात. मुलगी पाहावयास मंडळी यायची असली, तर दोरीवर वाळत घातलेली गोधडीदेखील घाईघाईने काढून घेण्यात येई. गाडगेबाबांनी ती उघडपणे अंगावर वागविली आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणू लागले. आपण मात्र तिला पेटाऱ्याच्या तळाशी ठेवले.

ही पेटाऱ्यातली वस्तू आता मुंबईच्या बाजारात मोठ्या मानाने टांगलेली दिसते, आणि तेथे ती पाहिल्यावर माझ्या मनात जे विचार आले, तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहेत.

मुंबईस भेंडीबाजारालगत मटन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्यालाच आपण चोरबाजार म्हणतो. शुक्रवारी तेथील पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या सामानाच्या पथाऱ्या पसरतात. इतर दिवशी दुकाने पाहावी. मला जुन्या समया पाहण्याची हौस असल्यामुळे घोलवडला गाडीत बसून वर्षातून एकदोनदा मी तिकडे जाते. खरेदी थोडी, पाहणे फार. बंद पडलेली घड्याळे, ग्रामोफोनचे कर्णे, कोरीव पाठीच्या खुर्च्या, चिनी मातीच्या बरण्या, जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके, असा सारा संसार तेथे दाटीवाटीने मांडलेला असतो. मागील खेपेस एका दुकानात लाकडी शिडीच्या पायऱ्यांवर घड्या घालून ठेवलेल्या गोधड्या दिसल्या. काही कच्छकडील होत्या, काही राजस्थानकडील, आणि त्यांत एक आपल्या मुलखातील होती. नऊवारी लुगड्याचे काठ, आणि कडेपासून फेर धरून मध्यावर येऊन थांबणारा धावदोरा. ओळख पटण्यास वेळ लागला नाही.

दुकानदार भला गृहस्थ होता. त्याने चहा मागविला, गोधडी पूर्ण उलगडून दाखविली, टाका किती बारीक आहे, रंग कसा टिकला आहे, हे जाणकारीने सांगितले. "ही कोणी शिवली?" असे मी विचारले. तो म्हणाला, "बाई, ते कसं कळणार? माल गठ्ठ्यानं येतो." उत्तर प्रामाणिक होते. मी हात फिरवून पाहिला, तो एका कोपऱ्याशी तळहाताएवढे एक ठिगळ लागले. त्यावरचे टाके बाकीच्यांहून मोठे आणि वाकडे होते. कोणा लहान मुलीला शिकण्यासाठी बसविले असावे. ती आठ वर्षांची होती की दहा, तिला टाका कोणी शिकविला, पुढे ती कोणत्या गावी नांदावयास गेली, हे त्या दुकानात कोण सांगणार?

ज्या तरुण मंडळींनी गोधडी शिवताना पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करते. सुगी आटोपल्यावर आणि पावसाळा लागण्यापूर्वी, दुपारची जेवणे झाली म्हणजे हे काम चाले. सारवलेल्या ओटीवर विरलेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर पसरावयाचे, चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवावयाचे, वरून ठिगळे मांडावयाची, आणि दोघीतिघींनी कडेने बसून आत आत सरकत यावयाचे. नव्या कापडाची गोधडी अंगाला टोचते. शेकडो वेळा धुतलेल्या सुतालाच तो मऊपणा येतो. तान्ह्या मुलाचे दुपटे आजीच्या लुगड्याचे करीत, त्यात आजीचे आयुष्य नातवंडास लाभावे ही भावना होतीच, पण नाजूक कातडीला दुसरे कापड सोसत नाही हा व्यवहारही होता. पुढे नायलॉन आणि टेरिलीन आले. ते सुईखाली निसटते आणि घाम टिपत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर मुंबईच्या कित्येक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत, आणि घरोघरचे सुती लुगडेही त्याच सुमारास मागे पडले. माझ्या पाहण्यातील पेटाऱ्यांत त्यानंतर शिवलेली गोधडी क्वचितच आढळते.

आता घरची हकीकत सांगते. दोन वर्षांपूर्वी आमचे वाडीतले जुने घर उतरविण्याचे ठरले. त्याच दिवसांत या किनाऱ्यावर जुने सामान विकत घेणारा एक टेम्पो फिरत होता. दारांच्या चौकटी, तांब्याचे बंब, पितळी डबे, आणि "जुन्या गोधड्या असतील तर त्याही". आमच्या पेटाऱ्यात सात गोधड्या निघाल्या. माझ्या वहिनींचे म्हणणे असे की, कुबट वास येतो, कसर लागली आहे, मुलींच्या मुंबईच्या जागेत चादर ठेवावयास ठिकाण नाही, मग या कोणी सांभाळाव्या? त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. ज्यांना घर आवरावे लागते त्यांनाच वस्तूंचे ओझे कळते. भाव ठरला. तेवढ्यात आमच्या थोरल्या काकू काठी टेकीत ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "न्यायच्या तर न्या, पण आधी मला एकदा हात लावू द्या."

काकूंचे वय तेव्हा ब्याण्णव होते. डोळ्यांना फारसे दिसत नसे. त्यांनी पहिली गोधडी मांडीवर घेतली आणि बोटांनी चाचपीत, आपण पोथी वाचतो तशी ती वाचावयास प्रारंभ केला. हे जाडेभरडे, हे मामंजींचे खादीचे धोतर, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांतले. हे कंट्रोलचे कापड. लढाईच्या काळात माझ्या माहेरी मिळाले होते, रांगेत उभे राहून. ही माझी पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा. मग त्यांचे बोट एका पांढुरक्या पट्टीवर थांबले. त्या पट्टीला काठ नव्हता. काठ उसवून काढल्याची रेघ मात्र होती. काकू म्हणाल्या, "हे आतेसासूबाईंचे."

या आतेसासूबाई कोण, हे आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. लहानपणी लग्न झाले, न्हातीधुती होण्यापूर्वीच वैधव्य आले, आणि त्या माहेरी परत आल्या. लुगड्याचे काठ त्यांनी उसवले की कोणी उसवविले, ते काकूंना सांगता आले नाही. पुढे चाळीस वर्षे त्या या घरात राहिल्या, आणि सातांपैकी पाच गोधड्या त्यांच्या हातच्या. काकूंना टाका त्यांनीच शिकविला.

सभ्य स्त्रीपुरुषहो, आमच्या घराण्याची वंशावळ याच संघाच्या स्मरणिकेत पूर्वी छापून आलेली आहे. मी ती काढून पाहिली. तीत नऊ पिढ्या आहेत. मुलगे आहेत, त्यांचे मुलगे आहेत, दत्तक आहेत. सासरी गेलेल्या मुली नाहीत, आणि सासरहून परत आलेली ही बाई तर दोन्हीकडच्या वंशावळींतून सुटली. चाळीस वर्षे जिने या घराला पांघरूण पुरविले, तिचा एकमेव पुरावा म्हणजे ती बिनकाठाची पट्टी. आणि ती टेम्पोत चढली असती, तर मटन स्ट्रीटच्या दुकानात तिचे वर्णन "जुने पांढरे सूत" एवढेच झाले असते.

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी शतकानुशतके जपून ठेवण्यात आली, कारण त्या कापडावर अक्षरे आहेत. बंगालमध्येही असाच भाग्ययोग आला. तेथील स्त्रिया जुन्या साड्यांचे थर करून, साडीच्या काठातलेच दोरे उपसून कांथा शिवीत. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने त्या गावोगाव फिरून जमविल्या, आणि १९६३ साली कलकत्त्याजवळ त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. त्यात मानदासुंदरी दासी या बाईने आपल्या वडिलांसाठी केलेला कांथा आहे. तिने आपले नाव सुईनेच त्यावर लिहून ठेवले, म्हणून आज आपण ते उच्चारू शकतो. अमेरिकेत १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर लावल्या, तेव्हा कौतुक झाले ते रंगांचे आणि आकृतींचे. बहुतेक शिवणाऱ्या अनामिकच राहिल्या. मात्र २००२ साली आलाबामामधील जीज बेंड या खेड्यातील निग्रो वंशाच्या शेतकरी स्त्रियांच्या गोधड्या मांडल्या गेल्या, त्या वेळी प्रत्येकीचे नाव पुढे आले. तीस वर्षांत एवढा फरक पडला, कारण कोणीतरी त्या खेड्यात जाऊन बायकांना विचारले. आपल्या गोधडीवर अक्षरे नाहीत आणि नाव विणण्याची रीतही नाही. तिचे वाचन सारे तोंडी आहे.

मी विक्रीच्या विरुद्ध नाही. पुण्याचे दिनकर केळकर जुन्या बाजारांतून आणि घराघरांतून अडकित्ते, दिवे, फण्या वेचीत हिंडले नसते, तर आज राजा केळकर संग्रहालय दिसले नसते. १९७५ साली त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरात कसर खात पडण्यापेक्षा गोधडी कोणा हौशी माणसाच्या भिंतीवर गेली तर बरेच आहे. माझे सांगणे एवढेच की, ती जाण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीच्या मांडीवर एकदा ठेवावी आणि ती जे बोलेल ते लिहून घ्यावे. याच बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि महागड्या साधनांवाचून, आसपास मिळेल त्या वस्तूंतून मुलांना शिकविता येते हे दाखविले. १९५७ साली ते केंद्र कोसबाडला गेले, तरी ती दृष्टी गावातून गेली नसावी अशी माझी समजूत आहे. एक वही, एक पेन्सिल आणि दुपारचे दोन तास, यापलीकडे या कामाला काही लागत नाही. जमलेल्या नोंदींसाठी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, वंशावळींच्या शेजारीच, आठ पाने राखून ठेवण्याचे कार्यकारी मंडळाने मान्य केले आहे. त्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे.

आमच्या सात गोधड्या टेम्पोत गेल्या नाहीत. टेम्पोवाला रिकाम्या हाताने परतला. वहिनींनीच त्याला चहा देऊन वाटेस लावले आणि गोधड्यांना कडुनिंबाचा पाला घालून ठेवला. काकू रोज दुपारी थोडा वेळ वाचीत आणि मी लिहीत असे. तीन गोधड्या पूर्ण झाल्या. चौथी अर्धी झाली असता गेल्या चैत्रात काकूंनी इहलोकची यात्रा संपविली.

राहिलेल्या गोधड्या आज मी बरोबर आणल्या आहेत. फराळाच्या वेळी त्या शेजारच्या खोलीत, बाकावर पसरून ठेवलेल्या असतील. त्यांतील एकीत जांभळ्या खणाचे तीन तुकडे आहेत, आणि त्यांवर बुट्ट्यांच्या ओळी आडव्या न लावता तिरप्या लावलेल्या आहेत. तो खण आमच्या घरचा नसावा, असे काकू एकदा म्हणाल्या होत्या. बहुधा शेजारच्या कोणा घरातून आलेला. जमलेल्या भगिनींपैकी ज्यांच्या घरी आजी किंवा पणजीच्या वस्त्रांत तसा खण असेल, किंवा ज्यांनी तो कोणाच्या अंगात पाहिल्याचे आठवत असेल, त्यांनी कृपा करून मला तेथे भेटावे. वही माझ्याजवळ आहे.