सुधारणेची मसलत



इस्पितळात एखादी सुधारणा करावयाची तर तज्ज्ञांची योजना, सरकारी मंजुरी आणि पैशाची तरतूद एवढे असले म्हणजे पुरे, असा समज आपल्याकडे दृढमूल झालेला आहे; परंतु ज्या परिचारिकेने ती राबवावयाची, ज्या रुग्णाने तिच्यावर विश्वास ठेवावयाचा आणि ज्या गावासाठी ती योजावयाची, त्यांची मसलत घेतल्यावाचून ती मूळ धरीत नाही, याचा दाखला आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड येथे, मिळतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडास आले, तेव्हा रोगनिवारणाची विद्या त्यांच्यापाशी होतीच. पण दुष्काळाने गांजलेल्या त्या मुलखातील लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते, आणि ही निकड आपल्या कक्षेबाहेरची न मानता त्यांनी हातपंप व मुलांचा आहार यांना आरोग्यकार्यातच स्थान दिले. शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली आणि निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र बसून गावाच्या हिताचा विचार करू लागली.

गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याची पहिली तजवीज मात्र फळास आली नाही, कारण परक्या तरुण मुलीला तेथे एकटीने राहणे कठीण जाई आणि गावातील बायकांना तिच्यापाशी मन मोकळे करवत नसे. म्हणून गावानेच आपल्यातील एक स्त्री आरोग्यसेविका म्हणून निवडावी, असे ठरले. या स्त्रियांपैकी पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित. तथापि जामखेडास नियमाने येऊन त्या शिकल्या, आणि बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोग यांविषयी त्यांचा शब्द घरोघर मानला जाऊ लागला. डॉक्टरांनी आपली विद्या कुलूपबंद न ठेवता त्यांच्या हाती सोपवली, हेच या यशाचे मर्म होय. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

अशी मसलत घेण्यासाठी आज सरकारी रुग्णालयांतून रुग्ण कल्याण समित्या आहेत. नव्या पद्धतीचा हुकूम निघण्यापूर्वी, मसुदा कच्चा असतानाच, वॉर्डातील परिचारिका, सफाई कामगार, औषधनिर्माते आणि रुग्णांचे नातेवाईक यांना या समित्यांत बोलावून त्यांच्या अडचणी ऐकाव्यात, आणि त्यांच्या सांगण्याने मसुदा बदलण्याची तयारी ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण ज्याला विचारले नाही त्याच्याकडून मनापासून साथ मागणे न्यायाचे नाही, आणि तशा साथीवाचून कोणतेही रुग्णालय सुधारत नाही.