सहलीच्या वाहनाची योजना
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनात केलेले भाषण)



दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या की सहलीचा विषय निघतो. सहलीचे शैक्षणिक महत्त्व आपण सर्व जाणताच; त्यावर मी वेळ घेणार नाही. वाहनाची योजना हा वरवर रुक्ष वाटणारा विषय आज मुद्दाम निवडला आहे. कोणते मूल स्मारकापर्यंत पोहोचते, कोणते घरीच राहते आणि गेलेले प्रत्येक मूल वेळेवर घरी परतते की नाही, हे या योजनेवरच ठरते.

उदाहरणादाखल आपल्या रायगड जिल्ह्यातीलच एक सहल घेऊ. पोलादपूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरील मुलांना एका दिवसात महाडचे चवदार तळे आणि किल्ले रायगड दाखवून आणावयाचे आहे.

प्रथम खर्चाचा विचार करू. चवदार तळ्याचा इतिहास आपण वर्गात शिकवतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला आणि महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे सर्वांचे झाले; प्रत्यक्षात मात्र अस्पृश्य मानलेल्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले व ते पाणी प्याले. या तळ्याकाठी मुले नेताना आपण स्वतःस विचारावे, की आपली सहल तरी खरोखर सर्वांना खुली आहे काय? ‘ज्यांना यावयाचे त्यांनी पैसे आणावेत’ एवढी सूचना फळ्यावर लिहिली, की मजुरी करणाऱ्या घरातील मूल आपोआप मागे राहते. त्याला कोणी नको म्हटलेले नसते, तरीही ते गाडीत नसते.

यासाठी वर्गणी ठरविण्यापूर्वी एकूण खर्चाचा अंदाज काढावा. शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत आणि गावचे मुंबईकर मंडळ यांच्याकडून काय मिळू शकेल ते आधी विचारावे आणि उरलेली रक्कमच मुलांत विभागावी. कोणी किती दिले याची यादी वर्गात वाचू नये. वर्गणी एकरकमी न मागता आठवड्याच्या बाजारादिवशी थोडी थोडी जमा करण्याची सोय ठेवल्यास अनेक पालकांना ती देणे शक्य होते.

आता वाहनाकडे वळू. शालेय सहलींसाठी राज्य परिवहन महामंडळ प्रासंगिक करारावर एस.टी. गाडी देते व भाड्यात ५० टक्के सवलतही देते. मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत मुलांची यादी जोडून आगारप्रमुखांस लवकर भेटावे. हिवाळ्यात सर्वच शाळांची मागणी एकदम येते. भेटीच्या वेळी पुढील प्रश्न विचारावेत : भाड्याचे किलोमीटर आगारापासून धरणार की शाळेपासून? गाडी थांबून राहील त्या वेळेची आकारणी कशी? आसने नेमकी किती? या तीन उत्तरांवाचून केलेला हिशेब पुढे हमखास चुकतो.

आपल्या कित्येक शाळांचा पट दहा-पंधरा मुलांचा आहे. एवढ्या मुलांसाठी पूर्ण गाडी परवडत नाही. मग कोणीतरी मालाचा टेंपो किंवा ओळखीची जीप सुचवितो. हा मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा. त्याऐवजी केंद्रातील दोन-तीन शाळांनी मिळून एक गाडी ठरवावी. खासगी बस घेणे भाग पडल्यास तिचे योग्यता प्रमाणपत्र, विमा व परवाना, तसेच चालकाचे अनुज्ञापत्र स्वतः पाहावे. आसनांहून एकही मूल अधिक घेऊ नये. दर दहा मुलांमागे एक शिक्षक असावा आणि मुली असतील तर शिक्षिका असलीच पाहिजे.

पावसाळ्यात ही सहल काढूच नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तेथे २०१७ साली नवा पूल झाला आहे. तथापि आपल्या नद्या आणि आपले घाट पावसाळ्यात काय करू शकतात, याची आठवण शिक्षकाने जागी ठेवावी. डिसेंबर-जानेवारीचे दिवस या सहलीस उत्तम. मात्र त्या दिवसांत सहा वाजून गेल्यावर लवकरच काळोख पडतो.

म्हणून वेळापत्रक निघण्याच्या वेळेपासून न मांडता परतण्याच्या वेळेपासून उलटे मांडावे. सहा वाजता मुले वाडीवर हवीत. पाचाडहून महाडपर्यंत सुमारे २५ किलोमीटरला एक तास, महाडहून गावापर्यंत एक तास आणि अडचणीसाठी राखून ठेवलेला अर्धा तास. म्हणजे साडेतीनला पाचाड सोडलेच पाहिजे. त्याआधीचा अर्धा तास जिजामातांच्या समाधीसाठी. गड उतरण्यास दीड तास लागेल असे धरल्यास दीड वाजता उतरू लागावे. गडावर दोन तास आणि चढण्यास अडीच तास. म्हणजे नऊ वाजता पहिली पायरी चढावी. तत्पूर्वी चवदार तळ्यावर अर्धा तास धरला, की गाव सकाळी साडेसहाला सोडावे लागते. हे अर्ध्या तासाचे राखीव माप कोणत्याही कारणाने खर्ची घालू नये.

पायऱ्या चौदाशेहून अधिक आहेत. पाचवीच्या पुढील धट्टीकट्टी मुले त्या चढतील. परंतु दम्याचे, पायाने अधू किंवा अशक्त मूल असेल तर त्याच्यासाठी हिरकणीवाडीहून १९९६ पासून सुरू असलेल्या रोपवेची सोय आहे. त्याचे भाडे मूळ हिशेबातच धरावे आणि एक शिक्षक त्याच्यासोबत द्यावा. ‘तू खालीच थांब’ असे त्याला सांगणे म्हणजे रायगडाच्या पायथ्यापर्यंत आणून रायगड नाकारणे होय. ६ जून १६७४ रोजी जेथे राज्याभिषेक झाला ती जागा आणि जगदीश्वराच्या मंदिराजवळील महाराजांची समाधी त्यानेही पाहिली पाहिजे.

गाडीतील व्यवस्थाही आधीच ठरवावी. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढील बाजूस खिडकीशी बसवावे. मुलींच्या सोयीसाठी जाता-येता महाडच्या बसस्थानकावर थांबावे. हजेरी प्रत्येक ठिकाणी नावानिशी घ्यावी. ‘सगळे आले का?’ असे विचारून भागत नाही. जे मूल मागे राहिले ते उत्तर द्यायला तेथे नसते. पालकांचे संमतिपत्र व दूरध्वनी क्रमांक, वरिष्ठांची लेखी परवानगी आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीतच असावी.

गडावर हिरकणी बुरूज दाखविताना आपण ती कथा सांगतोच. दूध घेऊन आलेल्या हिरकणीला उशीर झाला, सायंकाळी दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ; म्हणून ती माउली कडा उतरून गेली, असे सांगतात. मुलांनी तिचे धैर्य ऐकावे. शिक्षकाने मात्र एवढे आणखी मनी धरावे, की काळोख पडल्यावर मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी माता आपल्या प्रत्येक वाडीत आहे. तिच्या घरी दूरध्वनी असेलच, असेही नाही.

आणि शेवटची गोष्ट. गाडी पुष्कळदा फाट्यावरच थांबते. वाडी तेथून मैल-दीड मैल आत असते. गाडी फाट्यावर आली म्हणजे सहल संपली, असे समजू नये. फाट्यावर कोणत्या वाडीचा कोणता पालक विजेरी घेऊन येणार, याची यादी सहलीच्या आदल्या दिवशी तयार असावी आणि मुले त्यांच्या हाती नावानिशी सोपवावीत. ज्याला न्यायला कोणी आले नाही, त्याला शिक्षकाने स्वतः दारापर्यंत पोहोचवावे. शेवटचे मूल घरात शिरेपर्यंत सहलीची जबाबदारी आपली आहे, एवढे ध्यानी ठेवून या वर्षीच्या सहलींची आखणी करावी, अशी आपणा सर्वांस विनंती करून मी आपली रजा घेतो.