कॉलेजची निवड आणि एका पानाचा हिशेब

बारावीनंतरच्या कॉलेजचा खर्च हा एक आकडा नसतो. माहितीपुस्तिकेत छापलेली फी त्यातला सर्वांत ठळक भाग. पण शिक्षण शुल्काच्या खाली विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, प्रवास, पुस्तके अशा ओळी लागतात, आणि शिष्यवृत्ती बहुतेक वेळा वरच्या एक-दोन ओळींपुरतीच असते. म्हणून दोन कॉलेजे शेजारी ठेवायची तर सगळ्या ओळींची संपूर्ण अभ्यासक्रमाची बेरीज घ्यावी लागते. त्यातून हमखास मिळणारी मदत वजा केली की उरते ते घराने द्यायचे किंवा कर्जाने. ही वजाबाकी मुलाने स्वतःच्या हाताने, एका पानावर करावी. वडिलांनी नव्हे, मामांनी नव्हे, सायबर कॅफेवाल्याने तर नव्हेच.

महाराष्ट्रात ही बेरीज कॉलेजच्या जातकुळीवर ठरते. १९८३ पर्यंत इंजिनीअरिंग म्हटले की पुण्याचे १८५४ पासूनचे सरकारी कॉलेज, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय अशी मोजकी नावे पुढे येत. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. जागा वाढल्या आणि खर्चाचा भार सरकारी तिजोरीवरून पालकांवर आला. देणगीला बंदी करणारा कायदा १९८७ चा. पुढे २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाला कायद्याचा आधार मिळाला. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी हे प्राधिकरण ठरवते आणि ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. प्रवेशाच्या खिडकीवर ऐकू येणारा आकडा त्या आकड्याशी ताडून पाहावा.

मदतीच्या बहुतेक राज्य योजनांची पहिली अट एकच: जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेली हवी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला गावात अजून ईबीसीच म्हणतात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील मुलाचे निम्मे शिक्षण शुल्क तीतून सुटते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, त्यापुढे फ्रीशिप. टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जादा जागांवर शिक्षण शुल्क माफ असते. तिथे गुणांची चुरस मोठी, आणि पुढे शाखा बदलता येत नाही.

ईबीसी आणि मुलींची फीमाफी व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला लागू नाही. खासगी अभिमत विद्यापीठात किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठातही ती नाही. हमरस्त्यावरच्या मोठ्या फलकांवर ही ओळ नसते. मुलीला कॅपमधून पूर्ण माफीची जागा मिळत असताना दुसरीकडे संस्थास्तरावर लाखांची फी भरून मोकळे झालेले पालक या तालुक्यात आहेत, आणि आज या शाळेच्या कार्यक्रमाच्या मांडवातही असावेत.

शिष्यवृत्तीचे पैसे येतात ते राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून, आधारशी जोडलेल्या खात्यात, हप्त्याहप्त्याने, आणि पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर. म्हणून प्रवेशाच्या महिन्यात रोख किती लागेल, याचा त्या पानावर वेगळा रकाना ठेवावा लागतो. अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आणि जातवैधता यांची धावपळ निकालानंतर सुरू केली, तर हक्काची सवलत कागदाअभावी हुकते.

राहण्या-जेवणाचा भार फीपेक्षा जड ठरू शकतो, आणि हे या मातीने फार पूर्वी ओळखले होते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची रांग उभी करायला घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारला १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते कमवा आणि शिका या पायावर. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांची सोय पाहते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिची रक्कम शहरानुसार वर्षाला ६०, ५१ किंवा ४३ हजार अशी ठरली होती.

हिशेबाशी या शाळेचे नाते जुने आहे. कौलारू इमारत होती तेव्हा जिन्याखालच्या खोलीत मधल्या सुट्टीत विद्यार्थी भांडार उघडत असे. दोनरेघी वह्या, निबा, शाईच्या बाटल्या. पावसाळ्यात वह्यांचे गठ्ठे गळतीपासून वाचवायला बाकावर चढवून ठेवलेले. गल्ला आठवीच्या मुलांकडे असायचा, आणि शनिवारी गणिताचे सर जमाखर्चाची वही तपासत. एका शनिवारी तीस पैसे कमी भरले. गल्ल्यावर असलेल्या प्रस्तुत वक्त्याने ते गुपचूप स्वतःच्या खिशातून टाकले. सरांनी तीस पैसे परत केले आणि चूक सापडेपर्यंत वही घरी न्यायला लावली. सोमवारी ती सापडली: एका शाईच्या बाटलीची उधारी मांडायची राहिली होती. ही उधारी ज्यांची, ते आज संस्थेच्या कार्यकारिणीवर असून व्यासपीठावर डावीकडून तिसऱ्या खुर्चीत आहेत. सर पहिल्या रांगेत आहेत. हा प्रसंग ऐकून सगळे हसले; सर हसलेले नाहीत.

एवढे शिकूनही १९८१ मध्ये, बारावी झाल्यावर, वक्त्याने पुण्यातले कॉलेज निवडले ते बाकावरचा मित्र तिकडे निघाला म्हणून. कॉलेज अनुदानित, फी किरकोळ. खोलीचे भाडे आणि मेस या ओळी मात्र कोणी लिहिल्याच नव्हत्या. दिवाळीला घरी आल्यावर परतायचे पैसे नव्हते. पुण्यात भरलेले बुडाले, आणि पुढच्या जूनपासून सांगलीचे कॉलेज सुरू झाले. डबा गावाहून सकाळच्या एसटीने यायचा; कंडक्टर तो स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत ठेवायचा. भाजीचा रस डब्याच्या फडक्याला लागलेला असायचा, आणि त्या फडक्यावरून कोणाचा डबा कोणता ते ओळखू यायचे. बी.कॉम. त्या डब्यावर झाले. शिक्षणाचा दर्जा दोन्हीकडे सारखाच होता, हे नंतर कळले.

अभ्यासक्रम पारखण्याची साधने आता अधिक आहेत. नॅकची श्रेणी संपूर्ण कॉलेजची असते, एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाची. त्यामुळे नामवंत कॉलेजातली एखादी शाखा त्या मान्यतेविना असू शकते. फलकावरचे सर्वोच्च पॅकेज एकाच मुलाचे असते. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत उतरणाऱ्या संस्थांना किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे जाहीर करावे लागते. पगार चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येणारा तो मध्यक. पानावर तोच लिहावा. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट द्वितीय वर्षाला जाणाऱ्याची पदवीच्या एका वर्षाची फी वाचते, ही वाटही उगाच कमी लेखली जाते. उलट, स्वस्त पडते म्हणून नावडती शाखा घेणे महाग पडते. वर्ष राहिले की एका वर्षाचा सगळा खर्च पुन्हा होतो.

निमंत्रणपत्रात आजच्या भाषणाचा विषय 'बँकिंग क्षेत्राची ओळख' असा होता. ती ओळख इतकीच, की बँक एकाची ठेव दुसऱ्याला कर्जाऊ देते आणि व्याजातल्या फरकावर चालते. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काम करताना वक्त्याला जे दिसले ते जास्त कामाचे आहे. कर्ज मुलाच्या नावावर असायचे, पण चार वर्षांनी देणे किती होईल असे विचारले की मुलगा वडिलांकडे बघायचा. वडील खिडकीबाहेर.

देशातल्या शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, त्यापुढे पाच टक्के घालावा लागतो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या उचलीच्या दिवसापासून चालू असते, आणि घोळ इथेच होतो. समजा, वर्षाच्या सुरुवातीला सव्वा लाख याप्रमाणे चार वर्षांत ५ लाख उचलले, दर १० टक्के. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन वर्षांचे सरळव्याज धरले तर ते १ लाख ७५ हजार होते. हप्ता सुरू होताना देणे ५ लाख नसते, ६ लाख ७५ हजार असते. दहा वर्षांच्या फेडीत महिन्याचा हप्ता सुमारे ८,९२० रुपये येतो आणि एकूण भरणा साडेदहा लाखांच्या वर जातो. शिकत असतानाच व्याज भरत गेले तर हाच हप्ता सुमारे ६,६०० वर येतो. ते व्याज पहिल्या वर्षी महिन्याला हजाराच्या आसपास असते, शेवटच्या वर्षी चार हजारांवर जाते. हा हप्ता पानावरच्या मध्यक पगाराशेजारी लिहायचा असतो. महिन्याच्या पगाराच्या पाचव्या भागाहून तो मोठा दिसला तर खोलीभाडे आणि घरी पाठवायचे पैसे यांची ओढाताण होते, असा टेबलावरचा अनुभव आहे.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण व जामीन लागत नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजसवलत मिळते. संस्था यादीत आहे का, हे आधी पाहावे लागते.

एका घरात दोन मुले शिकत असतील तर पाने दोन लागतात, आणि दोन्ही एकाच दिवशी लिहिलेली बरी. मागून लिहिलेले पान बहुतेक मुलीचे असते, आणि मग ज्या मुलीची फी माफ आहे तिलाच घराजवळचे कॉलेज येते.

पान पूर्ण झाल्यावरच पसंतीक्रम भरायला बसावे. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते, त्यामुळे न परवडणारे नाव हौसेने वर टाकता येत नाही. कर्जाची रक्कम बँक सत्रागणिक थेट कॉलेजला देते. प्रत्येक उचलीची तारीख आणि रक्कम त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहीत जावे. हप्ते थकले तर नोंद मुलाच्या आणि सहकर्जदार पालकाच्या, दोघांच्याही सिबिलवर लागते. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून नो ड्यूज दाखला घ्यावा, आणि काही मूळ कागद ठेवून घेतले असतील तर तेही मोजून परत घ्यावेत.