पाणीवाली बाई आणि आपण

(जागतिक महिला दिनी सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा संक्षेप)



आज नळ सोडला की पाणी येतं. म्हणून मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ का म्हणायचे, हे इथल्या मुलांना सांगावं लागतं.

मृणालताईंनी राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलं. १९५८ मध्ये पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले. मुलगी लहान होती, तरी काम थांबलं नाही. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. उपनगरातल्या चाळी-झोपडपट्ट्यांना पाणी मिळावं म्हणून हंडा-कळशी घेतलेल्या बायकांना सोबत घेऊन त्या लढल्या. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच काळात अहिल्याताई रांगणेकरांसारख्या मैत्रिणींबरोबर महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे निघाले. आणीबाणीत तुरुंगवास झाला. १९७७ ला त्या खासदार झाल्या आणि इंदिराजी हरल्या, तेव्हा लोक म्हणू लागले, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’

पुढे विधानसभेत परतल्यावर गर्भलिंग चाचण्यांविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडलं. १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं.

आपल्याला जवळचं वाटावं असं त्यांचं आणखी एक काम आहे. बाबूराव सामंतांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन सामान्यांच्या घरांना मिळावी म्हणून कोर्टकचेऱ्या केल्या. गोरेगावला दिंडोशीत सहा हजारांवर कुटुंबांना हक्काची घरं मिळाली, तीही सहकारी सोसायट्यांमधून.

पाणी, रेशन, घर हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातलेच प्रश्न. ताईंनी ते सभागृहात नेले. आपण ते निदान सोसायटीच्या मीटिंगपर्यंत तरी नेऊ या. टाकीची गळती आधी आपल्याला कळते, पण निर्णयाच्या वेळी आपण चहा करत असतो! व्यवस्थापक समितीत बायकांसाठी दोन जागा कायद्यानेच राखीव आहेत. कागदावर नाव वहिनींचं आणि मीटिंगला भावजी, असं मात्र नको. येत्या निवडणुकीत दोनच्या जागी चार अर्ज येऊ द्या. हरलो तरी बिघडत नाही. मृणालताईसुद्धा निवडणुका हरल्या होत्या.