दुसऱ्या पालखीतला शिवा



इसवी सनापूर्वी २०४ सालची गोष्ट. चीनमधल्या शिंगयांग या शहराला शियांग यू नावाच्या सेनानीनं वेढा घातला होता. आत अडकला होता हानचा राजा ल्यू बांग. शहरातलं धान्य संपत आलेलं. अशा वेळी जी शिन नावाचा त्याचा एक सरदार पुढं आला आणि म्हणाला, मी तुमच्या नावानं शरण जातो, तेवढ्यात तुम्ही निसटा. रात्र पडल्यावर पूर्वेच्या दरवाजातून चिलखतं घातलेल्या दोन हजार बायका बाहेर काढल्या. सैन्यच बाहेर पडलं असं समजून शत्रू चहूकडून त्यांच्यावर तुटून पडला. पाठोपाठ राजाचा पिवळ्या छताचा रथ आला, निशाणासकट. आत राजाच्या जागी जी शिन. हानचा राजा शरण आला अशी हाळी उठली. वेढ्यातलं सैन्य जयजयकार करत पूर्वेला गोळा झालं आणि पश्चिमेच्या दरवाजानं ल्यू बांग थोडे घोडेस्वार घेऊन पसार झाला. रथातला माणूस पाहून शियांग यूनं विचारलं, राजा कुठं आहे? उत्तर मिळालं, तो कधीच गेला. शियांग यूनं जी शिनला जाळून मारलं.

सिमा च्येन या चिनी इतिहासकारानं त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी ही हकीकत लिहून ठेवली. दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या, दुसऱ्याच्या संकटात स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्या वीरांवर त्याच्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. चिनी तलवारबाजीचे जे सिनेमे आपली पोरं आज मोबाइलवर बघतात, त्यांतल्या नायकांची कुळी तिथवर जाते. कथेत पीचच्या बागेत बंधुभावाची शपथ घेणारे ल्यू बेइ, ग्वान यू आणि चांग फेइ हे तिघे तर चीनमध्ये घरोघर ठाऊक आहेत. पण मला जी शिनच जवळचा वाटतो, आणि का, ते कोल्हापूरच्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही. आपल्या पन्हाळ्यावर हेच घडलं. जी शिन आपल्याकडं नेबापूरचा होता.

मी उचगावचा. आमच्या गावाहून कोल्हापूर ओलांडलं, शिवाजी पुलावरून पंचगंगा पार केली, की केर्ली, वाघबीळ करत तासाभरात पन्हाळा गाठता येतो. लोक थेट वर जातात. तीन दरवाजा बघतात, अंबरखाना बघतात, झुणका-भाकर खातात. नेबापूर गडाच्या पायथ्याशी आहे. शिवा काशीद तिथला, नाभिक समाजातला. त्याची समाधी तिथं आहे. तिथं मात्र फार थोड्या गाड्या थांबतात आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१६६० सालच्या मार्चमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर असताना विजापूरचा सरदार सिद्दी जौहर यानं गडाला वेढा दिला. अफजलखानाच्या वधाला चारच महिने झाले होते आणि खानाचा मुलगा फाजलखान वेढ्यात सामील होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन आले. मृगाचा पाऊस लागला की वेढा ढिला पडेल, हा अंदाज चुकला. जौहर चिवट होता. बाहेरून नेताजी पालकर आणि सिद्दी हिलाल यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तोही फसला. हिलालचा तरणा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढा घालणारा हबशी, तो फोडायला आलेलाही हबशी. रक्ताचं, जातीचं, धर्माचं नातं बघून इमान ठरत असतं, तर हिलाल जौहरच्या छावणीत असता.

१२ जुलैची रात्र. आषाढी पौर्णिमा, पण ढगांनी चंद्र झाकलेला. परंपरा सांगते की त्या रात्री दोन पालख्या निघाल्या. एकीत महाराज, सोबत बांदलांचे सुमारे सहाशे मावळे आणि बाजीप्रभू देशपांडे. ही पालखी विशाळगड गाठण्यासाठी राजदिंडीच्या वाटेनं उतरून मसाईच्या पठाराकडं गेली. दुसरीत महाराजांच्या पोशाखात शिवा काशीद. ही पालखी शत्रूच्या हाती पडावी यासाठीच काढलेली. ती पडली. जौहरच्या डेऱ्यात शिवाजीराजे आले म्हणून गडबड उडाली, आणि सोंग उघडकीला येईपर्यंत खरी पालखी चिखल तुडवत पुढं गेली होती. शिवाला तिथंच मारलं.

त्याच्या वाट्याला आलेलं काम नीट बघा. लढाईत मरणाऱ्याच्या हातात निदान तलवार असते, शेजारी आपला माणूस असतो, रक्त तापलेलं असतं. शिवाला पालखीत स्वस्थ बसायचं होतं. भोई घामाघूम होऊन पळताहेत आणि आपण राजासारखं बसून शत्रूची वाट बघायची. पकडल्यावर डेऱ्यात जितका वेळ जाईल तितका घालवायचा. तोंडातून एक शब्द वावगा गेला असता तर पाठलाग तेव्हाच सुरू झाला असता. आणि महाराज विशाळगडाला पोचले का, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. लढवय्यांच्या यादीत त्याचं नाव मागं पडतं. माझ्या मते ते सगळ्यांत पुढं हवं.

बाजीप्रभूंची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती लांबवत नाही. पण दोन बाबी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की बाजीप्रभू मूळचे महाराजांच्या बाजूचे नव्हते. ते हिरडस मावळातल्या बांदलांचे देशपांडे, आणि कृष्णाजी बांदल महाराजांच्या विरोधात होते. बांदलांचा पाडाव झाल्यावर बाजी स्वराज्यात आले. काल ज्याच्याविरुद्ध तलवार उपसली त्याच्यासाठी आज खिंड अडवायची, हे केवळ मिठाला जागणं नाही. मीठ तर बांदलांचं होतं. हा माणूस पारखून, विचार करून जोडला गेला होता. आणि बांदल स्वतःही त्याच खिंडीत शेजारी उभे होते.

दुसरी बाब विशाळगडाची. जौहरच्या बाजूचा सिद्दी मसूद पाठीवर आला तेव्हा बाजींनी पावनखिंडीत निम्मे लोक ठेवून घेतले आणि गडावर पोचलात की तोफांचे बार करा, असं सांगून महाराजांना पुढं धाडलं. आपल्या डोळ्यांपुढं चित्र असतं ते खिंडीतल्या बाजींचं, भाऊ फुलाजींचं, मुसळधार पावसाचं. पण विशाळगडाच्या पायथ्याला शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणचे दळवी मोर्चे लावून बसले होते. रात्रभराच्या वाटचालीनंतर ते मोर्चे कापून महाराजांना वर जायचं होतं. इकडं बाजी तोफेकडं कान लावून लढताहेत, तिकडं राजा तलवार चालवत गड चढतोय. दोघांनी एकमेकांना शब्द दिलेला. बाजींचं काम खिंड राखण्याचं, आणि महाराजांचं काम जिवंत पोचून तोफ डागण्याचं. खालचे मेले म्हणून वरच्याचं कर्तव्य संपत नव्हतं, उलट तिथून ते सुरू होत होतं.

ल्यू बांगनंही शिंगयांग सोडताना मागं एक माणूस ठेवला होता, चौ ख नावाचा. शहर पडलं. शियांग यूनं त्याला सेनापतिपद देऊ केलं, त्यानं ते धुडकावलं आणि त्याला उकळून मारण्यात आलं. म्हणजे तिथंही एक पालखीतला होता आणि एक खिंडीतला. दोन वर्षांत, इसवी सनापूर्वी २०२ साली, ल्यू बांग सम्राट झाला. त्याच्या हान घराण्याचं राज्य, मधला खंड धरून, चारशे वर्षं टिकलं. पण ज्यांनी त्याला गादीवर बसवलं त्या सरदारांचं काय झालं? हान शिन आणि पेंग युए हे त्याचे दोन मोठे सेनानी. इसवी सनापूर्वी १९६ साली दोघेही बंडाच्या आरोपाखाली मारले गेले. ज्याच्यासाठी लोक जळून आणि उकळून मेले, त्या राजाच्या मनात आपल्याच माणसांविषयी संशय शिरला होता. रयतेनं मात्र जी शिनला सोडलं नाही. चीनमधल्या काही शहरांत आजही तो नगराचा रक्षक देव म्हणून पुजला जातो. त्या दोन हजार बायकांतलं मात्र एकही नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

महाराजांनी काय केलं? परंपरा सांगते, तलवारीचा पहिला मान कारीच्या जेध्यांकडं होता, तो पावनखिंडीनंतर बांदलांना दिला. आणि जेध्यांनी तो सोडला. कान्होजी जेधे म्हणजे अफजलखान चालून आला तेव्हा महाराजांसाठी वतनावर पाणी सोडणारा माणूस. पिढीजात मान दुसऱ्या घराण्याकडं जाताना बघणं देशमुखाला किती जड जातं, हे गावगाड्यात वाढलेल्या कुणालाही कळेल. मानपानावरून आपल्याकडं भावकीत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं. तिथं एका घराण्यानं रक्त सांडलं, दुसऱ्यानं मान सोडला. मी दोन्हींना त्यागच म्हणतो.

एवढ्या विश्वासाची माणसं तयार कशी होतात? याचं उत्तर मला तालमीत दिसतं. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत मर्दानी खेळाचे आखाडे अजून टिकून आहेत. हलगी कडाडते, घुमकं घुमतं, कैताळ वाजतं आणि पोरं-पोरी लाठी, फरी-गदका, विटा, दांडपट्टा घेऊन उतरतात. दांडपट्ट्याला शासनानं २०२४ साली राज्यशस्त्राचा दर्जा दिला, त्याचा मला फार आनंद झाला. हे शस्त्र बघायला सोपं, पण धरायला अवघड. लोखंडी मुठीत हात कोपरापर्यंत जातो, त्यामुळं मनगट वळवता येत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, आणि लवचीक पातं पुढं चांगलंच लांब असतं. पवित्रा चुकला तर ते स्वतःलाच लागतं.

एकदा सरावाला मी बाजूला उभा होतो. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी पट्टा फिरवत होती. समोर तिच्याच वयाचा मुलगा गुडघ्यावर बसलेला, हात लांब केलेला, तळहातावर लिंबू. ती दोन गिरक्या घेऊन आली, पातं सपकन गेलं आणि लिंबाच्या दोन फोडी मातीत पडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या मुलीसाठी. माझं लक्ष त्या मुलाच्या बोटांवर होतं. ती हलली नव्हती. मग वस्तादांनी पट्टा त्याच्या हातात दिला आणि लिंबू तिच्या तळहातावर ठेवलं. ती लगेच गुडघ्यावर बसली. आलटूनपालटून. आखाड्यात कायमचा पट्टेवाला आणि कायमचा लिंबूवाला असा प्रकार नसतो. ज्यानं तळहात पुढं केलेला नाही त्याच्या हाती वस्ताद पट्टा देत नाहीत. बांदलांचे ते मावळे एका खोऱ्यातले होते, लहानपणापासून एकमेकांचा वार आणि एकमेकांचा धीर ओळखून होते. खिंडीत तीनशे माणसं तासन्‌तास तग धरून राहिली, ती काही त्या एका दिवसाच्या आवेशावर नाही.

आवेशाची गोष्टही आपल्याच जिल्ह्यात आहे. गडहिंग्लजकडच्या नेसरीची. १६७३ साली उमराणीला सरसेनापती प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडलं आणि शरण आला म्हणून सोडून दिलं. महाराजांनी कडक शब्दांत ठपका ठेवला. तो शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी खान पुन्हा समोर दिसताच फौजेची वाट न बघता ते अवघ्या सहा सोबत्यांनिशी तुटून पडले. सातही पडले. परंपरेनं त्या सातांत एक नाव सिद्दी हिलालचं घेतलं जातं, तोच हिलाल, ज्याचा मुलगा पन्हाळ्यापाशी शत्रूनं धरला होता. नेसरीच्या त्या सहा जणांपुढं मी नतमस्तक आहे, कारण सेनापतीला एकटं जाऊ द्यायचं नाही एवढंच त्यांनी बघितलं. पण प्रतापरावांच्या मरणाचा मला अभिमानापेक्षा शोक अधिक होतो. पावनखिंडीत तीनशेंच्या जिवावर एक राजा वाचला. नेसरीला सात जीव गेले आणि खान जिवंत राहिला. राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर आलेला असताना स्वराज्यानं आपला सेनापती गमावला. पोरांना ही गोष्ट सांगताना हा हिशेबही सांगितला पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. महाराजांना तो उमगला असावा. पुढं १६८० साली त्यांनी आपला मुलगा राजाराम यांचं लग्न लावलं ते प्रतापरावांची मुलगी जानकीबाई हिच्याशी. बोललेला शब्द मागं घेता येत नव्हता. गेलेल्या माणसाच्या लेकीला सून करून घेता येत होतं, ते त्यांनी केलं.

दर आषाढात पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती निघते. आमच्या भागातली पोरंही जातात. मसाईचं पठार, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी, गुडघाभर चिखल, जळवा, धुकं. खिंडीत आता लोखंडी शिडी आहे. तिथलं पाणी कासारी नदीला मिळतं, कासारी प्रयाग चिखलीला पंचगंगेत येते, आणि ती पंचगंगा पुढं आमच्या उचगावच्या बाजूनं वाहत जाते. यंदा जाणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. चालायला सुरुवात पन्हाळ्यावरून करू नका. आदल्या संध्याकाळी नेबापूरला उतरा. शिवा काशीदच्या समाधीपाशी बसा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, त्यांच्याकडची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐका. आणि सकाळी तिथूनच गड चढा.